प्रकरण अकरा : खंजिरावरचं साल

शुक्रवारी दुपारी महादू आणि मुक्ताबाई धाकट्या भावाच्या, धनंजयच्या, बर दुबईच्या फ्लॅटवर जेवायला आले, तेव्हा धनंजयच्या बायकोने, स्मिताने, जेवणाचं अर्धं टेबल मोकळं करून त्यावर पांढरा टॉवेल अंथरला होता. टॉवेलवर दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, खलफान साहेबांचा, खंजीर होता. सुरमई तळून झाकून ठेवली होती, पण धनंजय म्हणाला, आधी हे काम, मग जेवण.

काम तसं लहानच होतं. खलफान साहेबांच्या वडिलांनी हयातभर मोरोक्कोचे खंजीर जमवले होते. वाकडं म्यान, पात्याला टोकाशी बाक आणि मोराच्या पिसाऱ्यासारखी पसरलेली मूठ. त्याला तिकडे कुम्मिया म्हणतात. असे बत्तीस कुम्मिये आता शारजाच्या एका नव्या दालनात लोकांसाठी मांडले जाणार होते. प्रत्येकाशेजारी तो कुठला, कधीचा, हे लिहायचं काम धनंजयकडे आलं होतं. कॅटलॉग रविवारी छापायला जायचा होता आणि मुखपृष्ठावर हाच खंजीर होता. म्यानाच्या तोंडाशी, चांदीत, हिजरी साल कोरलेलं होतं. बाराशे चव्वेचाळीस, म्हणजे इंग्रजी अठराशे अठ्ठावीस.

स्मिताला त्या आकड्याचं मोल माहीत होतं. एक्याण्णव साली, कुवेतच्या लढाईच्या दिवसांत, धनंजयच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात माणूस फिरकत नव्हता. तेव्हा खलफान साहेब हा खंजीर कापडात गुंडाळून घेऊन आले होते. धनंजयने चार दिवस पुस्तकं चाळली, भिंगातून साल वाचलं आणि दुकानाच्या लेटरहेडवर दीड पानी पत्र लिहून दिलं. त्या पत्राची गोष्ट अबुधाबीपर्यंत गेली. तेव्हापासून जुनं हत्यार कुणाला दाखवायचं असलं की लोक म्हणत, वडकेंकडे जा. दालनाच्या उद्घाटनाला दहा मिनिटं बोलण्याचं निमंत्रणही आलं होतं. स्मिताने त्यासाठी नवा सूट शिवायला टाकला होता.

महादू हा थोरला. अल क्वोजच्या कारखान्यांच्या भागात त्याची शेड होती. हॉटेलांचे पितळी दिवे, दल्ले म्हणजे अरबी कॉफीच्या सुरया, दारांच्या कड्या, जे मोडेल ते तो जोडायचा. पुण्याच्या तांबट आळीतला शेवटचा हात, असं त्याचे वडील बाबाजी वडके त्याला म्हणत. बाबाजींना घरात सगळे तात्या म्हणत. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. धनंजय दुकान बघायचा आणि दुकानातलं काळं पडलेलं सामान महादूकडे जायचं. वाटणी कुणी केली नव्हती, ती तशी पडत गेली होती.

धनंजयने सांगितलं, दादा, हलक्या हाताने साफ कर, उद्या फोटो आहे.

महादूने चष्मा बदलला. खंजीर उचलला, खिडकीशी नेला, म्यान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग जागेवर आणून ठेवला आणि म्हणाला की तो साफ करणार नाही. असाच राहू दे. काळेपणात बरंच काही आहे, ते पुसलं तर गेलं.

स्मिताला वाटलं, भाऊजींना मान हवा आहे. तिने लगबगीने खुर्ची पुढे केली.

* * *

प्रज्ञा महादूची थोरली मुलगी, तीही आईवडिलांबरोबर जेवायला आली होती. ती दुबईतच वाढली, आणि दालनाच्या नोंदी टाइप करण्याचं काम तिला काकामुळेच मिळालं होतं. आठवडाभर तिला एक गोष्ट खुपत होती. काकासमोर कशी काढावी, हे कळत नव्हतं. वडिलांनी, आप्पांनी, खंजीर खाली ठेवला, तेव्हा तिने ती काढली.

संग्रहात खंजिरांबरोबर मोरोक्कोची जुनी नाणीही होती. तिने त्यांची यादी केली होती. त्या सगळ्या नाण्यांवर हिजरी साल होतं, पण आकडे इंग्रजीसारखे होते, शाळेत आपण गणितं करतो तसे. तिकडचे लोक पहिल्यापासून तेच आकडे लिहितात. या म्यानावरचे आकडे मात्र इथल्या गाडीच्या नंबरप्लेटवर असतात तसे अरबी होते.

"काका, हे आकडे मोरोक्कोचे नाहीत," ती म्हणाली. "इथले आहेत. किंवा इजिप्तचे, इराकचे. पण तिकडचे नाहीत."

धनंजयने समजावून सांगितलं की कुणी इजिप्शियन कारागीर तिकडे गेला असेल, हजच्या वाटेवर मक्केत कोरून घेतलं असेल. तो शांतपणे बोलत होता, आणि त्याचं बोलणं अशक्यही नव्हतं. त्याची सोळा वर्षांची अस्मी फोनमधून मान वर करून म्हणाली, "बट दॅट्स स्टिल नॉट प्रूफ, डॅडी." मग पुन्हा फोनमध्ये गेली.

प्रज्ञाने वडिलांकडे पाहिलं. तिला लहानपणापासून ठाऊक होतं, आप्पा भरल्या घरात बोलत नाहीत. शेडमध्ये ते तासन् तास बोलायचे, पण समोर एखादी वस्तू आणि एखादंच माणूस असलं तर. म्हणून तिने भिंग त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं की काळेपणात काय आहे, ते मला दाखवा.

महादूने तिला दाखवलं. बाकीचे आपोआप टेबलाभोवती आले.

म्यानावरची वेलबुट्टी मागून ठोकून उठवलेली होती, साच्यात ओतलेली नव्हती. आतून पाहिलं तर हातोडीचा एकेक ठोका वेगळा मोजता येत होता. वरच्या उठावावर मात्र पानांच्या शिरा बोटांनी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. खंजीर खांद्यावरून दोरीने लटकवतात. त्या दोरीच्या दोन कड्या आतल्या बाजूने निम्म्या उरल्या होत्या, आणि झीज एकाच बाजूला होती, जिथे दोरीचा ताण येतो तिथेच. कानशीने घासून जुनं केलेलं असतं तर ती सगळीकडून सारखी लागली असती. मुठीचं लाकूड तळव्याच्या आकाराने खोलगट झालं होतं. पात्याला तो फिरंगी म्हणाला. युरोपात, यंत्राच्या रुळाखालून निघालेलं पोलाद, मग तिकडच्या लोहाराने वाकवून टोकाकडे दोन्ही बाजूंनी धार लावलेली. त्यामुळे अठराशे अठ्ठावीस त्याला फार लवकरचं वाटत होतं. त्याने अंदाज केला, साठ-सत्तर वर्षं अलीकडे या. शंभर वर्षांचा नक्की, थोडा जास्तच.

"आणि आकडे?" प्रज्ञाने विचारलं.

महादूने भिंग तिरपं धरलं. म्यानाच्या तोंडाशी बारीक बारीक ओरखडे होते, खंजीर आत-बाहेर केल्याने वर्षानुवर्षं पडलेले. ते ओरखडे आकड्यांपाशी येऊन तुटत होते. आकड्यांच्या खोबणीत एकही ओरखडा नव्हता आणि त्यांच्या कडा नखाला टोचत होत्या. चांदी झिजून झाल्यावर कुणीतरी तिच्यावर छिन्नी चालवली होती.

प्रज्ञाला आपण जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला काकाच्या चेहऱ्याकडे बघवेना.

* * *

धनंजयने भिंग घेतलं आणि स्वतः पाहिलं. अकरा वर्षं तो त्या आकड्यांकडे पाहत होता. आज पहिल्यांदा त्यांच्या आजूबाजूला पाहिलं. ओरखडे तुटत होते. एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्य नव्हतं.

त्याच्या मनात आधी राग आला, मग आणखी एक गोष्ट आली. त्याने विचारलं की हे तुला आत्ता, खिडकीशी, कळलं का.

महादू म्हणाला, नाही. एक्याण्णव सालीच कळलं होतं.

"अकरा वर्षं गप्प राहिलास, दादा."

"पत्र देऊन झाल्यावर खंजीर माझ्याकडे आला. तोही फक्त पॉलिशला."

महादूने हे चढ्या आवाजात म्हटलं नाही. म्हणूनच ते धनंजयला लागलं. तो काहीतरी उलट बोलणार होता, तेवढ्यात मुक्ताबाईंनी नवऱ्याला हळूच सांगितलं, अर्धं सांगून थांबू नका. तेव्हा धनंजयच्या लक्षात आलं की वहिनींना आणखी काही माहीत आहे.

मग महादूने उरलेलं सांगितलं. छिन्नी चालवणारा माणूस डावखुरा होता. छिन्नीने उठलेली चांदीची बारीक किरच उलट्या अंगाला वळलेली होती. आणि प्रत्येक रेघ संपवताना त्याने छिन्नी उचलण्याआधी एक हलका टोला दिला होता, त्यामुळे रेघेच्या शेवटी मोहरीएवढं टिंब उमटलं होतं. अशी रेघ संपवणारा एकच माणूस महादूने आयुष्यात पाहिला होता. त्याच्याच मांडीला मांडी लावून तो दहा वर्षं बसला होता.

"तात्या," धनंजय म्हणाला.

साठच्या दशकात तात्या दुबईच्या डेरा भागातल्या दलालांची कामं करायचे. कुणी दल्ला आणायचा, कुणी पेटी, कुणी खंजीर. तात्यांना अरबी वाचता येत नव्हतं. कागदावर लिहून दिलेलं ते जसंच्या तसं उतरवायचे. एक्याण्णव साली महादूने घरी जाऊन त्यांना या खंजिराबद्दल विचारलं होतं. तात्या नुसते बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत बसले. महादूने पुन्हा विचारलं नाही. त्याच महिन्यात धनंजय पेढे घेऊन आला होता, पत्राचं सगळीकडे नाव झालं म्हणून. तात्यांनी पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. धनंजयला ते आठवलं. मधुमेहामुळे खाल्ला नाही, असं त्याने तेव्हा धरलं होतं.

पहिली बोलली ती स्मिता. तिचं म्हणणं सरळ होतं. माणूस जाऊन सहा वर्षं झाली, त्यांना आता कशाला मध्ये आणायचं. खंजीर जुना आहेच ना. साठ वर्षांनी इकडे की तिकडे, काचेपलीकडून कुणाला कळणार आहे. प्रज्ञा म्हणाली की मला कळतं, तर तिकडून येणाऱ्या एखाद्या प्रोफेसरला एका मिनिटात कळेल, आणि तेव्हा पुस्तक छापलेलं असेल. स्मिताने मनात तो प्रसंग पाहिला असावा. भरलं दालन, नवा सूट, आणि मागच्या रांगेतून आलेला प्रश्न. थोड्या वेळाने ती उठली आणि म्हणाली, मग रविवारची वाट कशाला बघायची, आजच सांगून टाका.

धनंजय म्हणाला, मी एकटा जातो. पत्र माझं होतं.

"दोघं जा," मुक्ताबाई म्हणाल्या. "एकट्याने सांगितलं तर ती दुसऱ्याची चहाडी होईल. तुम्ही गेलात तर तात्यांची, हे गेले तर तुमची."

मुक्ताबाई घरात सहसा मत द्यायच्या नाहीत. दिलं की कुणी मोडायचं नाही. सुरमई थंड झाली होती. सगळ्यांनी तशीच खाल्ली.

* * *

खलफान साहेबांचं घर खाडीपलीकडे होतं. उतरत्या दुपारच्या, अस्रच्या नमाजानंतर त्यांनी दोघांना बैठकीच्या खोलीत, मजलिसमध्ये बसवलं आणि गावा, म्हणजे अरबी कॉफी, मागवली. सत्तरीचे, सडसडीत गृहस्थ. भारताशी मोत्यांचा व्यापार करणाऱ्या घरातले, त्यामुळे हिंदी सफाईने बोलायचे. धनंजयने प्याला खाली ठेवला आणि उभं राहूनच सांगितलं की माझ्या पत्रात चूक झाली आहे. साल खंजिराबरोबरचं नाही, नंतर कोरलेलं आहे. त्याचं हिंदी नेहमी चांगलं असे, आज तुटत होतं.

महादू कोपऱ्यात बसून ऐकत होता. या मजलिसमध्ये तो पूर्वी दोनदा आला होता, दोन्ही वेळा मागच्या दाराने, झुंबर दुरुस्तीला. धाकटा भाऊ आज समोर उभा राहून बोलत होता. अकरा वर्षं आपण याच्यावर मनात रुसून होतो, आणि हा किती सरळ माणूस आहे, असं त्याला वाटलं.

खलफान साहेबांनी खंजीर मांडीवर घेतला. बराच वेळ ते अंगठा त्या आकड्यांवरून फिरवत राहिले. त्यांच्या वडिलांनी तो डेऱ्यातल्या एका दलालाकडून घेतला होता. मरायच्या आदल्या वर्षी तो मुलाच्या कमरेला बांधताना त्यांनी हेच साल मोठ्याने वाचून दाखवलं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, पण नजर खालीच होती.

"तो ये झूठा है?" त्यांनी विचारलं.

धनंजय उत्तर देणार होता. मग त्याने भावाकडे वळून पाहिलं आणि म्हटलं, "दादा, तू सांग. यातलं तुला कळतं, मला नाही."

महादू उठून त्यांच्याशेजारी गालिच्यावर बसला. खंजीर खोटा नाही, फक्त आकडा नंतरचा आहे, असं त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं. मग भिंग त्यांच्या हातात दिलं आणि एकेक दाखवत गेला. हा वेल बघा. सुरुवात इथून केली, कारण इथे ठोके जवळ जवळ आहेत, हात अजून गरम झालेला नाही. इथे आल्यावर लय सापडली. या पानाशी चांदी फाटायला आली होती, आतून बारीक ठिगळ देऊन झाळलंय, आणि ते झाकायला पुढचं पान जरा मोठं काढलंय. चूक झाली तिथेच त्याने सगळ्यात सुंदर पान केलं. आणि ही कडी. एवढी झिजायला एका माणसाचं आयुष्य पुरत नाही. बापाने वापरलाय, मग मुलाने, कदाचित नातवानेही. मी चाळीस वर्षं धातू ठोकतोय, माझ्याकडून असं पान होणार नाही.

महादू इतकं एका दमात बोलला, याचं धनंजयला नवल वाटलं. पुस्तकांमधून त्याने या खंजिरांबद्दल पुष्कळ वाचलं होतं. त्यातला माणूस त्याला कुणी दाखवला नव्हता.

खलफान साहेब भिंगातून ते ठिगळ शोधत होते. सापडलं तेव्हा ते हसले. तीस वर्षं हा माझ्या घरात आहे आणि मी फक्त आकडा बघत आलो, असं ते म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की आकडे कुणी कोरले, हे कळू शकतं का.

महादूने मान खाली घातली. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणीही नाहीच म्हणालं असतं.

"हमारे वालिद ने," धनंजय म्हणाला. त्याने नाव सांगितलं, बाबाजी वडके. त्यांना अरबी येत नव्हतं. दलालाने काय सांगून कोरून घेतलं, ते आम्हाला माहीत नाही. त्यांना काय ठाऊक होतं, तेही माहीत नाही. पण हात त्यांचाच आहे.

खलफान साहेबांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि या वेळी आकड्यांवर धरलं. महादूने त्यांना रेघांच्या टोकाची टिंबं दाखवली. ते प्रत्येक टिंबापाशी थांबले.

शेवटी ते म्हणाले की मुखपृष्ठ बदलायचं नाही. आत मात्र सगळं लिहा. खंजीर कुठला, अंदाजे कधीचा, साल नंतरचं आहे, ते दुबईत कोरलं गेलं, आणि कोरणाऱ्याचं नाव. माझे वडील दुबईच्या बाजारात फसले, हेही लिहायला हरकत नाही, ते स्वतः व्यापारी होते, त्यांना राग येणार नाही. धनंजयने जुनं पत्र परत मागितलं. ते त्यांनी दिलं नाही. राहू दे, म्हणाले, दोन्ही कागद जवळ जवळ ठेवीन. आणि बाकीच्या एकतीस खंजिरांचं साल याच माणसाकडून ठरवून घ्या, असं म्हणून त्यांनी महादूच्या खांद्यावर हात ठेवला. उद्या सकाळी गाडी पाठवतो, इन्शाल्ला.

ते दोघांना सोडायला पुढच्या दारापर्यंत आले.

* * *

परतताना दोघं भाऊ अब्रात, खाडी ओलांडणाऱ्या लाकडी होडीत, बसले. ऊन उतरलं होतं. बर दुबईच्या काठावरच्या देवळाकडे जाणारी माणसं फुलांच्या पुड्या घेऊन गर्दीत दाटीने बसली होती.

निम्मी खाडी ओलांडल्यावर धनंजयने विचारलं की तात्या कसे बसायचे.

महादूला प्रश्न कळला नाही. कामाला, असं म्हणून धनंजयने पुन्हा विचारलं. तो लहानपणापासून पुण्याला आत्याकडे शिकायला होता. इकडे आला तेव्हा तात्यांचे डोळे अधू झाले होते आणि काम सुटलं होतं. त्यांच्या हातच्या वस्तू त्याने आयुष्यभर विकल्या, पण त्यांना काम करताना त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्मितालाही नाही.

महादूने सांगायला सुरुवात केली. उजवा गुडघा दुमडून, डावा पाय पुढे. वस्तू लाखेत बसवलेली. छिन्नी तीन बोटांत, करंगळी धातूला टेकलेली, कारण करंगळीला कळतं. रेघ ओढताना ते श्वास धरून ठेवायचे, आणि शेवटचा तो हलका टोला श्वास सोडता सोडता पडायचा.

शब्दांनी भागेना, तेव्हा त्याने भावाचा डावा हात स्वतःच्या हातात घेतला, बोटं एकेक करून वळवली आणि खिशातलं पेन त्यांच्यात अडकवलं. करंगळी अजून खाली, असं म्हणून ती दाबली. शेजारचे दोन मजूर बघायला लागले. एक्कावन्न वर्षांचा धनंजय वडके बोटं तशीच धरून बसला. अब्रा धक्क्याला लागली, लोक उतरायला लागले, तरी त्याने ती सोडली नाहीत.